चावी धरून ठेवणारी स्प्रिंग

मोटारीत बसल्यावर आपण पहिले काम करतो ते चावी फिरवण्याचे. अलीकडे बऱ्याच गाड्यांना चावीऐवजी बटण आले आहे. तरी रिक्षा, टेम्पो, स्कूटर आणि लाखो मोटारी अजून चावीवरच चालतात. चावी घातली, फिरवली, इंजिन सुरू झाले की आपण चावीला विसरून जातो. पुढचा तास-दीड तास ती जुडग्यासह तिथेच लोंबकळत असते. गाडी खड्ड्यात आदळते, चालवणाऱ्याचा गुडघा जुडग्याला लागतो, तरी चावी आपली जागा सोडत नाही. ती का सोडत नाही, हा प्रश्न आपल्याला पडत नाही, कारण ती धरून ठेवण्याचे काम कुणीतरी आधीच करून ठेवलेले असते. ते काम करते एक स्प्रिंग. बॉलपेनात असते तशी, किंबहुना तिच्याहूनही लहान.

आजचे बोलणे या स्प्रिंगविषयी आहे. मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचे, मी यंत्रावर काय बोलणार, असे कुणाला वाटले तर ते साहजिकच आहे. पण या स्प्रिंगची एक हकिगत आहे. ती वाचत गेलो तसे माझ्या लक्षात आले, की ही हकिगत जितकी पोलादाची आहे तितकीच शब्दांची आहे. आणि शब्दांविषयी बोलायचा थोडाफार हक्क मला आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पेटवायला ठिणगी लागते. मोटारीच्या बॅटरीत दाब असतो १२ व्होल्टचा, आणि स्पार्कप्लगच्या फटीतून ठिणगी उडायला काही हजार व्होल्ट लागतात. हे कसे साधायचे, यावर अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन गावी चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने एक चांगला मार्ग काढला. तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून वीज वाहू द्यायची आणि नेमक्या क्षणी ती एकदम तोडायची. वीज तुटली की कॉइलभोवतीचे चुंबकत्व कोसळते आणि त्या धक्क्याने दुसऱ्या, जास्त वेढ्यांच्या तारेत हजारो व्होल्ट तयार होतात. केटरिंगने १९०९ साली डेल्को ही कंपनी काढली. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीला त्याचा विजेवरचा स्टार्टर बसला आणि हॅंडल मारून गाडी सुरू करण्याचे दिवस सरत चालले.

वीज जोडायची आणि तोडायची, हे काम पुढची साठ-सत्तर वर्षे एका छोट्या स्विचने केले. मेकॅनिक लोक त्याला ‘पॉइंट’ म्हणतात. फिरणारा कॅम पॉइंट उघडतो आणि पोलादी पट्टीची स्प्रिंग तो पुन्हा मिटवते. इंजिन जोरात फिरत असताना मिनिटाला हजारो वेळा हे घडते. माझे मामू मिरजेत स्कूटरी दुरुस्त करायचे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पॉइंट काढायचे, पॉलिश पेपरने घासायचे आणि मग त्या पट्टीवर अंगठा दाबून बघायचे. ती अंगठ्याला परत ढकलते की नाही, एवढीच परीक्षा. “घासून साफ करता येतं, भांजे. पण स्प्रिंग बसली की माणूस गाडी ढकलत घरी जातो,” असे ते म्हणत. पुढे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले आणि पॉइंट गेले. पण चावीच्या मागचा स्विच मात्र राहिला आणि त्यातली स्प्रिंगही.

चावी फिरवून इंजिन सुरू करण्याची पद्धत १९४९ साली क्रायस्लर कंपनीने आणली. तेव्हापासून या स्विचची रचना साधारण तीच आहे. चावीला चार जागा असतात. पहिली बंद. दुसरी ॲक्सेसरी, म्हणजे इंजिन बंद पण रेडिओ वगैरे चालू. तिसरी रन, म्हणजे गाडी चालू. आणि चौथी स्टार्ट. स्टार्टवर चावी आपण क्षणभर दाबून धरतो. सोडली की ती आपोआप मागे, रनवर येते. ते काम एका स्प्रिंगचे. दुसरी स्प्रिंग असते ती चावीला प्रत्येक जागी धरून ठेवणारी. फिरणाऱ्या तुकड्याला खाचा पाडलेल्या असतात. एक लहानशी दांडी, जिला प्लंजर म्हणतात, मागच्या स्प्रिंगच्या जोराने त्या खाचेत जाऊन बसते. मिक्सरचे बटण एकवरून दोनवर नेताना बोटांना ‘टक्’ असे जे जाणवते, ते हेच. प्लंजर एका खाचेतून उठून दुसऱ्या खाचेत बसला, असा त्याचा अर्थ.

आता स्प्रिंगचा जोर किती ठेवायचा? फार ठेवला तर म्हाताऱ्या माणसाला चावी फिरवता यायची नाही, आणि खाचा लवकर झिजतील. फार कमी ठेवला तर चावी आपण होऊन जागा सोडेल. इंजिनिअर हा जोर टॉर्कमध्ये मोजतात. आपण त्याला पिळाचे बळ म्हणू. दहा सेंटिमीटर लांबीच्या पट्टीचे एक टोक चावीला बांधले आणि दुसऱ्या टोकाला २०० ग्रॅमचे वजन टांगले, तर चावीला जो पीळ बसेल तो २० न्यूटन-सेंटिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अमेरिकेतल्या जनरल मोटर्स या कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या छोट्या गाड्यांसाठी नवा इग्निशन स्विच करायला घेतला. स्विच बनवणार होती डेल्फी. ही डेल्फी म्हणजे जनरल मोटर्सचाच सुटे भाग बनवणारा विभाग. १९९९ मध्ये तो वेगळा झाला. केटरिंगच्या डेल्कोचा वारसा वळणे घेत याच घरात आला होता. जनरल मोटर्सने कागदावर लिहून दिले, की चावी रनवरून मागे आणायला २० न्यूटन-सेंटिमीटर बळ लागले पाहिजे. पाच इकडे, पाच तिकडे चालतील. म्हणजे कमीत कमी १५. डेल्फीने बनवलेल्या नमुन्यांच्या काही चाचण्यांत आकडा आला ४ ते १० च्या दरम्यान. स्विचची जबाबदारी असलेल्या इंजिनिअरला हे कळवण्यात आले. तो तेव्हा त्याच स्विचच्या विजेच्या बिघाडांनी हैराण झाला होता. एका ई-मेलखाली त्याने सही करताना ‘या नरकातल्या स्विचला कंटाळलेला’ असे स्वतःविषयी लिहिले होते. स्प्रिंगचा जोर वाढवला तर विजेचे जमून आलेले काम बिघडेल, अशी भीती होती. फेब्रुवारी २००२ मध्ये त्याने मंजुरी दिली आणि स्विच गाड्यांत बसू लागला.

आता एक साधे गणित करू. समजा, चाव्यांचा जुडगा २०० ग्रॅमचा आहे आणि तो चावीच्या मधल्या रेषेपासून दोन सेंटिमीटर बाजूला लोंबतो आहे. त्याचा पीळ झाला ४. गाडी खड्ड्यात आदळली की तेवढ्या क्षणापुरते जुडग्याचे वजन दुप्पट-तिप्पट झाल्यासारखे होते. मग पीळ ८ ते १२. ज्या स्विचची पकड १५ ची आहे, तो हा धक्का सोसतो. ज्याची ४ ते १० ची आहे, त्याची चावी मागे सरकते. या गाड्यांच्या चावीला कडी अडकवायला गोल भोक नसून लांबट खाच होती. त्यामुळे कडी घसरून कडेला जायची आणि पीळ आणखी वाढायचा.

चावी रनवरून ॲक्सेसरीवर आली तर काय होते? इंजिन बंद पडते. स्टिअरिंगला मिळणारी मदत जाते, ते एकदम जड होते. ब्रेकला इंजिनाकडून मिळणारा जोर एक-दोन दाबांपुरता शिल्लक राहतो, मग पाय जोराने द्यावा लागतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे एअरबॅग झोपतात. याचे कारण विचित्र वाटले तरी समजण्यासारखे आहे. उभ्या गाडीत बसलेल्या माणसाच्या तोंडावर एअरबॅग उगाच फुटू नये, म्हणून चावी रनवर नसेल तर एअरबॅग उघडायचीच नाही, अशी योजना केलेली असते. चावी मागे सरकली की गाडीच्या हिशेबी गाडी उभी आहे. ती प्रत्यक्षात ताशी शंभर किलोमीटरने धावत असली तरी.

हा स्विच असलेली सॅटर्न आयन गाडी २००३ च्या मॉडेलपासून रस्त्यावर आली आणि शेव्हरले कोबाल्ट २००४ च्या अखेरीस. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडते, अशा तक्रारी लगेच सुरू झाल्या. नव्या गाड्यांचे परीक्षण करणाऱ्या पत्रकारांनी २००५ मध्ये तसे छापूनही टाकले. चालवणाऱ्याचा गुडघा लागला आणि गाडी बंद पडली, असे त्यात होते. कंपनीच्या आत यावर बैठका झाल्या. पण तिथे एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते या सगळ्या हकिगतीचा कणा ती आहे. ही तक्रार कुठल्या सदरात टाकायची, असा प्रश्न होता. सदरे दोन: एक ‘सुरक्षा’, दुसरे ‘ग्राहकाची सोय’. इंजिन बंद पडले तरी गाडी वळवता येते, ब्रेक लावता येतो. म्हणून तक्रार ‘सोय’ या सदरात गेली.

मित्रहो, एका शब्दाने किती फरक पडतो पाहा. सुरक्षेची बाब असती तर खर्चाचा विचार मागे पडला असता, गाड्या परत बोलवाव्या लागल्या असत्या. सोयीची बाब म्हटल्यावर नफा-तोटा मांडला गेला. सुधारित स्विचला गाडीमागे सुमारे ९० सेंट जास्त लागणार होते आणि वॉरंटीच्या दुरुस्त्यांत वाचणार होते १० ते १५ सेंट. हिशेब जमेना. मार्च २००५ मध्ये ते प्रकरण मिटवण्यात आले, कारण कुठलाच उपाय व्यवहारात परवडणारा दिसत नव्हता. एअरबॅगचा प्रश्न त्या टेबलावर आलाच नाही. सोयीचा आणि एअरबॅगचा काय संबंध?

डिसेंबर २००५ मध्ये कंपनीने दुरुस्ती केंद्रांना एक पत्रक पाठवले. त्यात लिहिले होते, की ग्राहकाची तक्रार आल्यास त्याला जुडग्यातली जड वस्तू काढायला सांगा. पत्रकाच्या मजकुरात ‘स्टॉल’ हा शब्द नव्हता. स्टॉल म्हणजे इंजिन चालता चालता बंद पडणे. हा शब्द भडक आहे, तो वापरला तर सरकारी यंत्रणेचे लक्ष वेधले जाईल, म्हणून तो टाळला जाई. परिणाम असा, की दुरुस्तीवाल्याने संगणकावर ‘इंजिन बंद पडते’ असे शोधले तरी पत्रक त्याला सहजी सापडणार नव्हते.

पुढची गोष्ट मला सर्वांत थक्क करून गेली. एप्रिल २००६ मध्ये त्याच इंजिनिअरने स्विचमधला बदल मंजूर केला. जास्त लांब प्लंजर आणि स्प्रिंग बसवायचे ठरले. स्प्रिंग लांब, म्हणजे त्याच जागेत ती जास्त दाबली जाणार आणि प्लंजरला जास्त जोराने खाचेत बसवणार. उपाय बरोबर होता. पण सुट्या भागाचा क्रमांक बदलला नाही. भागाची रचना बदलली की क्रमांक बदलायचा, हा यंत्रधंद्यातला जुना नियम आहे. आपल्या पुस्तकांचेच बघा. कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती काढताना चार ओळी बदलल्या तर प्रकाशक आत ‘सुधारित आवृत्ती’ असे छापतो. वाचकाला कळते, की हातातले पुस्तक जुने नाही. इथे आवृत्ती बदलली आणि मुखपृष्ठ, शीर्षक, साल सारे जुनेच राहिले.

त्यामुळे झाले असे, की कंपनीचेच दुसरे इंजिनिअर पुढची कित्येक वर्षे कोड्यात पडले. एअरबॅग न उघडण्याचे जीवघेणे अपघात २००५, २००६, २००७ च्या गाड्यांत दिसत होते, २००८ च्या पुढच्या गाड्यांत दिसत नव्हते. स्विच तर तोच आहे, क्रमांक तोच आहे, मग दोष स्विचचा कसा? ते इतरत्र शोधत राहिले.

बाहेरच्या लोकांना मात्र ते दिसले. ऑक्टोबर २००६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात एक कोबाल्ट झाडांवर आदळली. गाडीत तीन मुली होत्या, दोघी गेल्या. राज्य पोलिसांच्या एका शिपायाने चिकाटीने तपास केला. गाडीच्या यंत्रातली नोंद पाहिली, तर आदळताना चावी ॲक्सेसरीवर होती. त्याने कंपनीचे ते डिसेंबर २००५ चे पत्रकही शोधून काढले आणि फेब्रुवारी २००७ च्या अहवालात दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या: चावी सरकली, म्हणून एअरबॅग उघडल्या नाहीत. तो अहवाल कंपनीच्या दप्तरात पोचला आणि तिथे पडून राहिला. पोलिसाने साध्या शब्दांत जे लिहिले, ते सदरांत वाटलेल्या भाषेत कुणाच्याच सदरात बसले नाही.

टेक्सासमध्ये २००४ साली सॅटर्न आयन गाडीला अपघात झाला. गाडी चालवणारी तरुणी वाचली, शेजारी बसलेला तिचा होणारा नवरा गेला. गाडी रस्ता सोडून का गेली, याचा खुलासा तिला देता येईना. तिच्यावर निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्याचा आरोप ठेवला गेला आणि २००७ मध्ये तिने गुन्हा कबूल केला. त्याच वर्षी, तिच्या कबुलीच्या काही महिने आधी, कंपनीने आपल्या आतल्या तपासात त्या अपघाताचा संबंध गाडीतल्या बिघाडाशी जोडलेला होता. तिला किंवा न्यायालयाला कुणी कळवले नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायाधीशांनी तिला दोषमुक्त केले. दहा वर्षे ती बाई आपल्याच हातून आपला माणूस गेला, असे समजून जगली. यंत्राचा दोष जेव्हा नाव घेऊन पुढे येत नाही, तेव्हा तो कुणा ना कुणा माणसाच्या नावावर चढतो.

अखेर हे उलगडले कसे? मार्च २०१० मध्ये जॉर्जिया राज्यात एका तरुण नर्सचा कोबाल्टच्या अपघातात मृत्यू झाला. थोड्याच दिवसांपूर्वी तिची गाडी चालता चालता बंद पडली होती आणि तिने ती दुरुस्तीला नेली होती. तिच्या आईवडिलांनी दावा लावला. त्यांच्या वकिलासाठी फ्लोरिडातला एक इंजिनिअर काम करत होता. त्याने भंगारातल्या गाड्यांचे स्विच मिळवले, त्यांचे एक्स-रे काढले, ते सुटे करून मोजले, आणि मग सुमारे ३० डॉलर देऊन बाजारातून एक नवा स्विच आणला. क्रमांक तोच. उघडून शेजारी शेजारी ठेवले, तर नव्यातला प्लंजर लांब होता आणि स्प्रिंग जास्त दाबलेली होती. फरक डोळ्याला जेमतेम जाणवेल एवढा. माझ्या मामूंचा अंगठा अशा वेळी चटकन आठवतो: दाबून बघितले, परत ढकलते की नाही. एवढी मोठी कंपनी, हजारो इंजिनिअर. पण दोन स्विच शेजारी ठेवून दाबून बघायला बाहेरचा माणूस यावा लागला. एप्रिल २०१३ मध्ये वकिलाने शपथेवरच्या जबानीत कंपनीच्या इंजिनिअरसमोर दोन्ही स्विच ठेवले. त्यानंतरही गाड्या परत बोलवायला फेब्रुवारी २०१४ उजाडला. आधी सुमारे ७ लाख ८० हजार गाड्या, मग वाढत वाढत मार्चअखेर २६ लाख.

कंपनीच्या सूत्रधार मेरी बारा त्याच जानेवारीत पदावर आल्या होत्या. अमेरिकी संसदेसमोर त्यांची साक्ष झाली. नवा भाग बसवायला किती खर्च आला असता, याचा ५७ सेंट हा आकडा त्या चौकशीत सभासदांनी मांडला. जून २०१४ मध्ये कंपनीने नेमलेल्या वकिलाचा, अँटन व्हालुकस यांचा, तीनशेहून अधिक पानांचा अहवाल आला. पंधरा जणांना कामावरून काढण्यात आले. भरपाई ठरवायला केनेथ फाइनबर्ग या वकिलांना नेमले होते. त्यांच्याकडे चार हजारांहून अधिक अर्ज आले. २०१५ मध्ये काम संपले तेव्हा १२४ मृत्यूंचे आणि २७५ जखमींचे दावे मान्य झाले होते आणि सुमारे ५९ कोटी ४५ लाख डॉलर वाटले गेले होते. कंपनीने सुरुवातीला मृत्यू सांगितले होते १३. सप्टेंबर २०१५ मध्ये सरकारशी झालेल्या समझोत्यात कंपनीने ९० कोटी डॉलर भरले. तुरुंगात मात्र कुणी गेले नाही; एकाही व्यक्तीवर फौजदारी खटला उभा राहिला नाही.

व्हालुकस अहवालात ‘जीएम होकार’ असा एक प्रकार सांगितला आहे. बैठकीत सगळे जण माना डोलावतात, हे केलेच पाहिजे असे एकमुखाने ठरते आणि बाहेर पडल्यावर कुणीच काही करत नाही. दुसरा प्रकार ‘जीएम सलाम’: दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायचे आणि बोटे शेजाऱ्यांकडे दाखवायची. जबाबदारी त्याची, माझी नाही. हसू येते, पण हे आपल्याला अनोळखी आहे काय? ग्रामपंचायतीपासून साहित्यसंस्थांपर्यंत हा सलाम मी पाहत आलो आहे.

शब्दांची गोष्ट याहून पुढची आहे. २००८ मध्ये कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना एक शिकवणी दिली: लिहिताना कुठले शब्द वापरायचे नाहीत. ‘दोष’ म्हणायचे नाही, ‘आराखड्याप्रमाणे काम करत नाही’ म्हणायचे. ‘समस्या’ नको, ‘बाब’ किंवा ‘स्थिती’ म्हणा. ‘सुरक्षा’ शब्द नको, ‘सुरक्षेवर संभाव्य परिणाम’ असे लिहा. ‘मृत्यूचा सापळा’ वगैरे शब्दांची तर लांबलचक यादीच होती. २०१४ मध्ये सरकारने कंपनीला ३ कोटी ५० लाख डॉलर दंड केला, तेव्हा ही शिकवणी उघड झाली.

एक कवी म्हणून मला हे वाचून काय वाटले असेल? भडक शब्दांचा मीही शत्रू आहे. पण भडक शब्द वेगळा आणि खरा शब्द वेगळा. चावी जागा सोडते, हे साधे वाक्य आहे. ते जिथे लिहिता येत नाही, तिथे ते विचारातूनही हळूहळू निसटते. ‘सोय’ हा काही खोटा शब्द नव्हता. तो फक्त सैल होता. आणि सैल शब्द सैल स्प्रिंगसारखाच असतो. सपाट रस्त्यावर तो काम देतो. धक्का बसला की अर्थाला जागेवर धरून ठेवत नाही. स्प्रिंगसाठी निदान कागदावर कमीत कमी १५ चा आकडा होता आणि तो पाळला गेला नाही, हे मोजून सिद्ध करता आले. शब्दांच्या बाबतीत ते मोजायला तसले यंत्र नाही. तिथे वाचणाऱ्यालाच अंगठा दाबून बघावा लागतो.

याचा आपल्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. ती कोबाल्ट गाडी आपल्याकडे विकली गेली नाही. जनरल मोटर्स मात्र आपल्याकडे होती. पुण्याजवळ तळेगावला २००८ मध्ये तिचा कारखाना सुरू झाला. २०१७ अखेर कंपनीने भारतातली विक्री थांबवली, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही थांबले आणि पुढे तो कारखाना हुंदाई कंपनीकडे गेला. २००५ साली आपल्याकडे अशी तक्रार झाली असती, तर गाड्या परत बोलवायला भाग पाडणारा कायदाच नव्हता. जुलै २०१२ मध्ये वाहन-उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेने परत बोलावण्याचे नियम केले. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन ११०-अ हे कलम आले आणि १ एप्रिल २०२१ पासून, ठरावीक संख्येने तक्रारी आल्या तर सदोष वाहने परत बोलवायला सरकार उत्पादकाला भाग पाडू शकते. एक कोटी रुपयांपर्यंत दंडही आहे. यातला मुद्दा आहे तक्रारींच्या संख्येचा. तक्रार नोंदलीच गेली नाही, तर कायदा मोजणार काय?

म्हणून शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. गाडीच्या चावीत घराच्या, कपाटाच्या, दुकानाच्या चाव्या अडकवू नका. चावी सैल लागत असेल, चालत्या गाडीत हाताने हलवल्यावर मागे येईल असे वाटत असेल, तर स्विच तपासून घ्या. चालता चालता इंजिन बंद पडलेच तर घाबरून ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका. एकदाच घट्ट दाबून धरा, म्हणजे उरलेला जोर वाया जाणार नाही. स्टिअरिंग जड झाले आहे, अडकलेले नाही, हे ध्यानात ठेवून दोन्ही हातांनी गाडी कडेला घ्या. आणि काहीही झाले तरी पळत्या गाडीत चावी पूर्ण मागे नेऊन काढू नका; तसे केले तर स्टिअरिंगला कुलूप लागू शकते.

आणि दुरुस्ती केंद्रात गेलात की तिथला माणूस कागदावर काय लिहितो, ते वाचून मगच सही करा. ‘ग्राहक समाधानी नाही’, ‘सर्वसाधारण तपासणी’ असे काही लिहिले असेल तर ते खोडायला सांगा. आपल्या शब्दांत लिहायला लावा: अमुक तारखेला, अमुक वेग असताना, चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले. आणि त्या कागदाची एक प्रत घरी जपून ठेवा.